नर्सिंगच्या वर्गात खेळ घेताना

माझ्या वर्गात पूर्वी एक घंटा असायची. देवघरातली, छोटी पितळी. मी प्रश्न विचारायचे, जो गट आधी घंटा वाजवेल त्याने उत्तर द्यायचं, बरोबर आलं की १० गुण. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाची मुलं-मुली त्या घंटेवर अक्षरशः झेप घ्यायची. दुपारी अडीचच्या तासाला पेंगणारा वर्ग टक्क जागा व्हायचा आणि मला वाटायचं, जमलं आपल्याला.

त्याच महिन्यात मेडिकल वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर एकाच आडनावाचे दोन पेशंट होते. माझी एक विद्यार्थिनी, वर्गातली सगळ्यात चपळ, घंटेवर नेहमी पहिली, सकाळच्या गोळ्यांची वाटी घेऊन गेली आणि तिने आडनाव पुकारलं. एका काकांनी मान हलवली. मनगटावरचा पट्टा तिने वाचला नाही. गोळ्या काकांच्या तळहातावर पडणार तेवढ्यात मागून आलेल्या स्टाफ सिस्टरने तिचा हात धरला. वाटीत मधुमेहाची गोळी होती आणि या काकांना मधुमेह नव्हता.

मुलगी खूप रडली. मी तिला रागावले नाही. संध्याकाळी दादरच्या पुलावर गर्दीत अडकून उभी होते तेव्हा लक्षात आलं की तीन आठवडे मी तिला नेमकं याचंच बक्षीस देत होते: अर्धं ऐकून, न तपासता, सगळ्यांच्या आधी हात पुढे करण्याचं.

परळच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये मी १९ वर्षं शिकवते आहे. त्या आठवड्यात घंटा घरी नेली आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून रचायला बसले. जे हाताला लागलं ते इथे लिहिते. मी नर्सिंगचं सांगतेय, पण फार्मसी, लॅब टेक्निशियन किंवा फिजिओथेरपी शिकवणाऱ्यांनाही थोडा बदल करून यातलं बरंच वापरता येईल.

आधी चूक शोधा, खेळ नंतर

आपण बहुतेक वेळा खेळापासून सुरुवात करतो. सापशिडी घेऊ, हौजी घेऊ, मोबाइलवर क्विझ घेऊ. मी आता वॉर्डापासून सुरुवात करते. इन्चार्ज सिस्टरना विचारते, "या महिन्यात आमच्या मुलांचं कुठे चुकतंय?" त्या अगदी स्पष्ट सांगतात. "सलाईन तासाभरात संपवून टाकतात." "ओव्हर देताना (पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला सांगताना) ॲलर्जी सांगत नाहीत." "सुया लाल पिशवीत टाकतात." ही वाक्यं मी वहीत जशीच्या तशी उतरवते. एका वाक्याला एक खेळ.

मग त्या वाक्यासमोर लिहिते, हेच काम नीट करणारी सिस्टर नेमकं काय करते? ती थांबते. वाचते. विचारते. मोजते. जे क्रियापद सापडेल त्यानेच जिंकता येईल असा नियम करायचा. विचारणारा जिंकला पाहिजे, मोजणारा जिंकला पाहिजे. खेळाचा नियम आणि वॉर्डाचा नियम एकच असला पाहिजे, एवढंच मला या सगळ्यातून सांगायचं आहे.

सापशिडीचं उदाहरण घ्या. फाशावर चालणारी सापशिडी मी घेत नाही, कारण नशिबाने साप लागला तर त्यातून मूल काय शिकणार? पण आपल्याकडच्या जुन्या मोक्षपटात, जो परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो, घरांना अर्थ होता. साप दुर्गुणांचे, शिड्या सद्गुणांच्या. मी तेच उचललं. फासा काढून टाकला, पुढे सरकायचं ते उत्तरावर. सापाच्या तोंडाशी चूक लिहिली आणि शेपटीशी तिचा परिणाम. तोंडाशी "वापरलेल्या सुईवर टोपण परत लावलं", शेपटीशी "बोटात सुई, साबण-पाण्याने धुऊन कॅज्युअल्टीत धाव, एचआयव्ही टाळायचं औषध सुरू करायचं की नाही ते २ तासांच्या आत ठरायला हवं". चौथ्या घरापर्यंत खाली येताना मूल हे मोठ्याने वाचतं. शिड्याही तशाच: पायाशी कृती, वरच्या टोकाला पेशंटचं काय भलं झालं ते.

आणखी एक नियम माझ्या प्रत्येक खेळात असतो. पेशंटचं कार्ड हातात आलं की आधी पूर्ण नाव आणि आयपी नंबर (भरती झालेल्या पेशंटचा नोंदणी क्रमांक) मोठ्याने वाचायचा, मगच पुढचं. वाचला नाही तर ती खेळी बाद, उत्तर कितीही बरोबर असो. पहिल्या दिवशी अर्ध्या खेळी बाद होतात. महिन्याभरात सवय लागते.

कचऱ्याचा खेळ, पंच म्हणून मावशी

हा माझा सगळ्यात लाडका खेळ आणि सगळ्यात स्वस्त. चार डबे लागतात: पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांसाठी पांढरा, न भोसकला जाणारा डबा, आणि काचेसाठी निळी खूण केलेला खोका. शिवाय साध्या कचऱ्याची एक टोपली, ती विसरू नका, खरी गंमत तिथेच आहे. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतले हे रंग मुलांना तोंडपाठ असतात. परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळतात. हातात वस्तू आली की गोंधळ सुरू होतो.

टेबलावर २० वस्तू मांडा, सगळ्या कोऱ्या किंवा बनावट. लाल शाई लावलेला गॉज. हातमोजे. आयव्ही सेट, म्हणजे सलाईनची नळी. लघवीची पिशवी. रिकामी काचेची व्हायल. फुटलेलं ॲम्प्यूल, म्हणजे त्याचं चित्र चिकटवलेला पुठ्ठा. सुईसकट सिरिंज, यात सुईच्या जागी टूथपिक. सुई कायमची जोडलेली इन्सुलिनची सिरिंज, तीही तशीच बनावट. मुदत संपलेल्या गोळ्यांची रिकामी पट्टी, त्यावर "गोळ्या आत आहेत" अशी चिठ्ठी. सिरिंजचं कागदी वेष्टन. मास्क. केळ्याचं साल. खरी सुई या खेळात कधीही नको.

गट चारचा. प्रत्येक गटाला सुरुवातीलाच २० गुण द्यायचे. बरोबर टाकल्याबद्दल काही नाही, चुकलं की एक गुण जातो. सुई चुकीच्या ठिकाणी गेली तर सगळे २० जातात. घड्याळ नाही. "मला खात्री नाही, विचारते" असं म्हणून पंचांना विचारलं तर गुण जात नाही. पहिल्या फेरीत कोणी विचारतच नाही. दहावी-बारावीपर्यंत विचारणाऱ्याला मठ्ठ समजतात ना, ते इतकं खोल बसलेलं असतं.

हमखास चुकतं ते सांगते. सिरिंजचं कोरं वेष्टन पिवळ्यात जातं, ते साधा कचरा आहे. आयव्ही सेटवर रक्ताचा थेंब दिसला की मुलं तो पिवळ्यात टाकतात, तो लाल. सुईसकट सिरिंज आख्खी लालमध्ये. सुई कटरने तोडून पांढऱ्या डब्यात आणि नळी लालमध्ये हे पाठ असतं, पण हात घाईत असतो. इन्सुलिनची सिरिंज मात्र तोडता येत नसेल तर आख्खी पांढऱ्यात. इथे "का" सांगितल्याशिवाय सोडू नका. पिवळ्या पिशवीतलं जाळायला जातं, लालमधलं प्लास्टिक निर्जंतुक करून रिसायकलिंगला जातं. क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळलं तर विषारी वायू तयार होतात, ते आपल्याच शहरातल्या कोणाच्या तरी खिडकीतून आत येतात.

पंच म्हणून मी आमच्या मजल्यावरच्या सफाईच्या मावशींना बोलावते. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा त्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या, आत येईनात. मी माझी खुर्ची पुढे केली. त्यांनी प्रत्येक पिशवीत डोकावून पाहिलं. एका गटाच्या लाल पिशवीत टूथपिक निघाली. मावशींनी ती हातात धरली आणि साडी थोडी वर करून पोटरी दाखवली. काही वर्षांपूर्वी पिशवी उचलून चालताना ती पायाला घासली होती आणि आतली सुई पोटरीत गेली होती. मग रक्त तपासणं, पुन्हा सहा आठवड्यांनी, पुन्हा तीन महिन्यांनी. "तीन महिने मी नातवाला मांडीवर घेतलं नाही," त्या म्हणाल्या. तसं घेतल्याने काही झालं नसतं हे त्यांना तेव्हा कोणी सांगितलंच नव्हतं. वर्गात कोणी हललं नाही. हे मी ४० स्लाइड दाखवूनही शिकवू शकले नसते.

मावशींनी आल्या दिवशी काही सांगितलंच पाहिजे असा आग्रह धरू नका. त्यांचं दुःख हा आपला पाठ नव्हे. बोलावंसं वाटलं तर त्या बोलतील. पंच म्हणून मान मिळाला, तेवढंही पुरेसं आहे. आमच्याकडे त्यानंतर मुलं त्यांना वॉर्डात नावाने हाक मारून नमस्कार करायला लागली.

डोळे बांधून हात धुणं

पोस्टर कलर, थोडं लोशन, पांढरे हातमोजे आणि ओढणी. मुलाने हातमोजे घालायचे, डोळे ओढणीने बांधायचे, तळव्यावर चमचाभर रंग घ्यायचा आणि नेहमीसारखे हात चोळायचे. डोळे उघडले की जिथे पांढरं राहिलं तिथे हात पोचलेच नव्हते. जवळपास दर वेळी अंगठा, बोटांची टोकं आणि हाताची मागची बाजू पांढरी राहते. जोडीदाराने कागदावर छापलेल्या हाताच्या चित्रात ती जागा रंगवायची, तारीख घालायची आणि तो कागद मुलाच्या वहीत चिकटवायचा. महिन्याने पुन्हा. स्पर्धा स्वतःच्याच जुन्या कागदाशी.

वेळेचा अंदाजही इथेच येतो. साबण-पाण्याने पूर्ण धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, अल्कोहोलच्या हँडरबने २० ते ३०. मुलांना मनात मोजायला लावा आणि "झालं" म्हणाल्यावर घड्याळ दाखवा. एका मुलाने मनातल्या मनात गणपतीच्या आरतीचं पहिलं कडवं म्हणायचं ठरवलं, स्वतःच्या वेगाने म्हणून घड्याळाशी जुळवलं, आणि आता आख्खा वर्ग तेच करतो.

कोमाचा अभिनय

पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजणारी ग्लासगो कोमा स्केल १९७४ साली ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी मांडली. डोळ्यांना (ई) ४, बोलण्याला (व्ही) ५, हालचालीला (एम) ६, कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. फळ्यावर लिहायला सोपी, खाटेशी उभं राहून वापरायला फार अवघड. कारण तक्त्यातले शब्द आणि समोरचा माणूस यांची गाठ मुलांच्या डोक्यात पडलेली नसते. म्हणून आम्ही पेशंटचा अभिनय करतो.

एका मुलाला कार्ड द्यायचं, उदाहरणार्थ "ई २, व्ही ३, एम ५". त्याने गादीवर झोपून तसं वागायचं. बाकीच्यांनी क्रमाने तपासायचं: आधी नुसतं बघायचं, मग हाक मारायची, मग वेदना. वेदना प्रत्यक्ष द्यायची नाही. तपासणाऱ्याने "नखावर दाब" किंवा "खांद्यावर चिमटा" असं मोठ्याने म्हणायचं आणि झोपलेल्याने तशी प्रतिक्रिया द्यायची. हा नियम कडक पाळा. हसता हसता चिमटे सुरू होतात आणि मग कोणीतरी घाबरलेलं मूल पुढच्या वेळी झोपायला तयार होत नाही.

आमच्या वर्गातले अभिनय मला जन्मभर आठवतील. व्ही ४, म्हणजे गोंधळलेलं बोलणं, एकाने असं केलं: "ताई, विरार स्लो कोणत्या प्लॅटफॉर्मला?" वाक्य पूर्ण, व्याकरण नीट, फक्त माणूस परळच्या खाटेवर आहे हे त्याला माहीत नाही. व्ही ३ला एकीने नुसते सुटे शब्द टाकले, "भाजी... चल... आई." व्ही २ला फक्त कण्हणं. त्यानंतर व्ही ३ आणि व्ही ४मधला फरक त्या वर्गाला पुन्हा सांगावा लागला नाही.

सगळ्यात जास्त घोळ एम ५ आणि एम ४मध्ये. खांद्यावर चिमटा काढल्यावर हात त्या जागेपर्यंत पोचून दुसऱ्याचा हात बाजूला करू पाहतो, ते ५. हात नुसता मागे ओढून घेतो, ते ४. हे दोन्ही एकापाठोपाठ एक करून दाखवायला सांगा, एकाच मुलाकडून. आणि एम ३ म्हणजे कोपर आतल्या बाजूला वळून वाकणं, एम २ म्हणजे हात ताठ होणं, हे मी स्वतः करून दाखवते, कारण ते मुलं विनोद म्हणून करतील अशी भीती वाटते. ती अवस्था मी न्यूरोच्या आयसीयूत पाहिली आहे. तिथे हसू नये.

गुण कशाला? प्रत्येकाने आपापल्या कागदावर ई, व्ही, एम वेगवेगळे लिहायचे, मगच बेरीज. नुसती बेरीज लिहिली तर शून्य. १० म्हणजे नेमकं काय बिघडलंय हे डॉक्टरला फोनवर कळत नाही. "ई ३, व्ही २, एम ५" कळतं. आणि दोघांचे आकडे वेगळे आले तर बरोबर कोण हे मी सांगत नाही, दोघांनी पुन्हा पेशंटपाशी जायचं. वॉर्डात तसंच करायचं असतं.

थेंब मोजणं

"सलाईन तासाभरात संपवतात" या तक्रारीसाठी. स्टँडला नळाच्या पाण्याची बाटली, खरा आयव्ही सेट, खाली बादली. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: ५०० मिली, ४ तासांत. २० थेंबांच्या सेटने, म्हणजे ज्यात २० थेंबांचा एक मिली होतो, मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, ४१.७, म्हणजे ४२ थेंब. गणित प्रत्येकाला येतं. मी मधे एका स्टँडला १५ थेंबांचा सेट लावून ठेवते आणि पाकीट शेजारी ठेवते. तिथे उत्तर ३१ येतं. जो पाकीट वाचतो त्यालाच ते मिळतं. लहान मुलांच्या मायक्रोसेटवर ६० थेंबांचा एक मिली, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, हे मुलांना स्वतःला सापडू द्या, आधी सांगू नका. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

रेग्युलेटर लावून झाला की दुसऱ्या जोडीने पूर्ण एक मिनिट थेंब मोजायचे. १५ सेकंद मोजून चारने गुणायची सवय मोडा, त्यात एका थेंबाची चूक चार थेंबांची होते. जवळचा आकडा जिंकतो. १० मिनिटांनी पुन्हा मोजा, मधल्या वेळात कोणीतरी "पेशंट" उठून हात हलवून येतो. वेग बदललेला असतो. सलाईन एकदा लावून निघून जायचं नसतं, हे तिथे समजतं.

हे सेट मुदत संपलेले असतात. प्रत्येकावर लाल मार्करने "फक्त शिकवण्यासाठी" लिहा, वर्गाच्या कपाटात कुलपात ठेवा, वॉर्डाच्या साठ्याजवळही जाऊ देऊ नका. पाण्याच्या बाटलीचं तर विशेष.

औषधांची हौजी

तिकिटावर ९ चौकोन, प्रत्येकात एका औषधाचं नाव. ३० औषधांच्या यादीतून वेगवेगळी तिकिटं करायची. मी नाव पुकारत नाही, काम पुकारते, तेही साध्या मराठीत. "देण्याआधी नाडी पूर्ण मिनिट मोजा, ६०च्या खाली असेल तर थांबा आणि डॉक्टरना कळवा": डिगॉक्सिन. "लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका": रिफॅम्पिसिन. "याच्याबरोबर बी ६ द्यावं लागतं": आयसोनियाझिड. "दिसायला त्रास होतोय का, रंग ओळखता येतात का, विचारत राहा": इथॅम्ब्युटॉल. "मॅग्नेशियम सल्फेट जास्त झालं तर": कॅल्शियम ग्लुकोनेट. "मॉर्फिनने श्वास मंदावला तर": नॅलोक्सोन. "शिरेत थेट ढकलायचं नाही, कधीही नाही": पोटॅशियम क्लोराइड. हे शेवटचं मी प्रत्येक डावात किमान दोनदा पुकारते.

मराठीत पुकारण्याला कारण आहे. माझ्याकडे चिपळूण, बीड, चाळीसगावची मराठी माध्यमातली मुलं येतात. पुस्तकं इंग्रजी. त्यांना औषधाचं काम कळलेलं असतं, पण इंग्रजी वाक्यात ते सांगता येत नाही म्हणून ती गप्प बसतात. पुकारा मराठीत झाला की हीच मुलं पुढे असतात. औषधाचं नाव मात्र इंग्रजी स्पेलिंगसकटच लिहून घ्यायचं, तिथे सूट नाही. डोपामीन आणि डोब्युटामीन ही नावं सारखी दिसतात, म्हणून दोन्ही तिकिटावर शेजारी छापा.

लाइन झाली म्हणून ओरडलं की ती तीनही औषधं का खोडली ते सांगावं लागतं. एक चुकलं तर लाइन जाते. शंका असेल तर चौकोनात प्रश्नचिन्ह काढायचं, डावाच्या शेवटी त्याबद्दल विचारायचं, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नचिन्हाला एक गुण. माझ्या एका बॅचला हौजीत फुल हाऊस करणाऱ्यापेक्षा प्रश्नचिन्हंवालीला जास्त गुण मिळाले होते. वाद झाला. मी गुण बदलले नाहीत.

ओव्हर आणि ट्रायाज, थोडक्यात

ओव्हरसाठी कानात निरोप सांगायचा खेळ. पहिल्या मुलाला १० गोष्टी असलेला पेशंट वाचून दाखवायचा: खाट ७, ५८ वर्षांचे काका, डाव्या हर्नियाचं ऑपरेशन उद्या, पेनिसिलिनची ॲलर्जी, रात्री १०पासून उपाशी, आणि असं. पाच कानांनंतर किती उरलं ते मोजा. बहुधा "डावा" आणि "ॲलर्जी" सगळ्यात आधी गळतात. मग तोच पेशंट लिहिलेल्या क्रमाने द्यायचा: काय चाललंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं. ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं. पुन्हा मोजा. दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहा आणि गप्प बसा.

ट्रायाज म्हणजे एकदम खूप जखमी आले की आधी कोणाला बघायचं ते ठरवणं. त्याचा खेळ मी जूनच्या आधी घेते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला तेव्हा मी स्वतः नवखी स्टाफ नर्स होते, त्यामुळे मला ही तयारी पुस्तकी वाटत नाही. हॉलमध्ये २० मुलं गळ्यात कार्ड अडकवून बसतात, झोपतात. "चालता येतंय त्यांनी भिंतीपाशी जा": ते हिरवे, म्हणजे थांबू शकणारे. उरलेल्यांपैकी प्रत्येकाला ३० सेकंद. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, काळा. श्वास मिनिटाला ३०च्या वर, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग यायला २ सेकंदांहून जास्त, किंवा साधी आज्ञा कळत नाही, लाल, म्हणजे सगळ्यात आधी. बाकी पिवळे. फक्त या एका खेळात मी स्टॉपवॉच वापरते, कारण इथे वॉर्डाचा नियमच वेळेचा आहे. एका जखमीपाशी रेंगाळलेल्या मुलीला नंतर विचारलं तर ती म्हणाली, "मॅडम, तो माझा हात सोडत नव्हता." त्यावर आम्ही त्या दिवशी अर्धा तास बोललो.

खेळानंतरचं बोलणं

४५ मिनिटांच्या तासात नियम सांगायला ५, खेळायला २०, बोलायला २०. बोलायचा वेळ कापून खेळ लांबवलात तर पुढच्या आठवड्यात मुलांना फक्त मजा आठवेल. गोल बसवा. आधी दोन मिनिटं प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, म्हणजे बोलकी मुलं सगळी जागा खाऊन टाकत नाहीत. मग मी तीनच गोष्टी विचारते, याच क्रमाने. काय झालं? त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं? हे आपल्या वॉर्डात कुठे, कोणत्या वेळी होऊ शकतं?

"कोणाचं चुकलं" असा प्रश्न विचारायचा नाही. आणि मधल्या प्रश्नावर घाई करू नका. "मला वाटलं सगळ्यांना माहीत आहे, मलाच नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी त्याचीच वाट बघते. ते एकाने म्हटलं की अजून पाच जण मान हलवतात.

मोबाइलवरच्या क्विझबद्दल विचारतात म्हणून: घ्या, पण त्यात बहुधा लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. वेळ जास्तीत जास्त लांबवा, विजेत्यांची यादी दाखवू नका, आणि कोणतं चुकीचं उत्तर सर्वांत जास्त जणांनी निवडलं ते बघून त्यावर बोला.

प्राचार्यांना पटवायचं असेल तर भारतीय नर्सिंग परिषदेच्या २०२१पासूनच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात सिम्युलेशनला, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग उभा करून शिकवण्याला, जागा दिलेली आहे, तो कागद पुढे ठेवा. सामान मुंबईतल्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर घाऊक मिळतं, पत्त्यांच्या आकाराचा जाड कागद तिथूनच घ्या. कार्डांवर खऱ्या पेशंटचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही, केस कितीही बदलून घेतली असली तरी.

मृत्यूनंतरची देखभाल, नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना सोबत उभं राहणं, जळित वॉर्ड, यांचे खेळ मी करत नाही. ते शिकवायला मी मुलांना बरोबर घेऊन जाते, दोघा-दोघांना, आणि परत आल्यावर चहा पाजते.

तुम्ही पहिल्यांदा घेणार असाल तर कचऱ्याच्या खेळाने सुरुवात करा. २० नाही, १२ वस्तू घ्या. मावशींना आदल्या दिवशीच विचारून ठेवा आणि त्यांच्या मुकादमालाही सांगा, कारण ११ ते १२ त्यांची लादी पुसायची वेळ असते आणि त्या वेळेचं काम नंतर त्यांच्याच अंगावर पडायला नको.